छोट्या पाखरांची निगा

उसाच्या फडात, पाटाच्या कडेच्या गवतात आणि बांधावरच्या बाभळीवर लहान पाखरांचे थवे आपण नेहमी पाहतो. ती चिमणीहून लहान असतात. चोच मात्र जाड आणि तिकोनी असते. थवा गवताच्या तुऱ्यांवर उतरतो, बी टिपतो आणि माणसाची चाहूल लागली की भुर्रकन उडून जातो. ही पाखरे म्हणजे मुनिया. पक्ष्यांच्या मराठी पुस्तकांत त्यांना मनोली असेही म्हणतात. आमच्या माळेगाव बुद्रुकच्या शिवारात ऊस आहे, पाणी आहे, पाटाकाठी गवत आहे. म्हणून मुनियाही आहेत.

याच कुळातली काही परदेशी पाखरे लोक घरी पाळतात. बाजारात त्यांना फिंच म्हणतात. हौसेने कोणी एक जोडी आणतो. पोरे आनंदतात. पण दोन-तीन महिन्यांत पाखरू मरते. मग कोणी म्हणतो, "दृष्ट लागली." कोणी म्हणतो, "पाखरूच नाजूक होतं."

मंडळी, दृष्ट लागून पाखरू मरत नाही. ते मरते ते बहुधा आपले लक्ष नसल्यामुळे. रानातले पाखरू आपला दाणा आपण शोधते. ऊन लागले तर सावलीला जाते. धूर आला तर उडून जाते. पिंजऱ्यातल्या पाखराला यातले काहीच करता येत नाही. त्याचे सगळे आपल्या हाती असते. म्हणून पाखरू पाळायचे, तर त्याच्याकडे रोज पाहायचे. या धड्यात आम्ही तेच सांगणार आहोत.

शेतातली मुनिया शेतातच राहू द्या

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. शेतातली मुनिया पकडून पिंजऱ्यात घालू नये. तिची अंडी किंवा पिले काढू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने याला मनाई आहे. हा गुन्हा आहे. त्याला दंड आणि तुरुंगवास आहे. पोपट, मैना, मुनिया असे आपल्या देशातले रानपक्षी पकडणे, विकणे, विकत घेणे हे सगळे बंद आहे.

हा कायदा का करावा लागला, ते ऐका. आपल्याकडे लाल मुनिया नावाचे पाखरू आहे. पावसाळ्यात तिचा नर लालभडक होतो. लाल अंगावर पांढरे ठिपके उठून दिसतात. या रूपापायी ती पिंजऱ्यात गेली. जुन्या काळी अहमदाबादेहून ही पाखरे जहाजाने विलायतेला जात. तिकडच्या लोकांना अहमदाबाद हे नाव नीट म्हणता येईना. त्यांनी पाखराचेच नाव ‘अवदवत’ असे पाडले. शास्त्राच्या पुस्तकातले तिचे नाव ‘अमंदवा’ आहे. तेही अहमदाबादवरूनच आले. एवढ्या थोर शहराचे नाव मिळाले, पण पाखराच्या वाट्याला पिंजराच आला. जाळ्यात सापडलेली पुष्कळ पाखरे वाटेतच मरत.

आजही कोणी चोरून मुनिया विकतो. साध्या तपकिरी मुनियेला हिरवा, पिवळा, गुलाबी रंग फासतात आणि परदेशी पाखरू म्हणून गळ्यात मारतात. पाखरू चोचीने पिसे साफ करते. तो रंग त्याच्या पोटात जातो. तेव्हा भडक रंगाचे, भेदरलेले, दाटीने कोंबलेले पाखरू कोणी स्वस्तात देऊ लागला, तर घेऊ नका.

मुनिया ज्वारी-बाजरीचा दाणा टिपते, हे खरे. शेतकऱ्याने तिला हाकलावे. हाकलणे निराळे आणि पकडणे निराळे. जखमी मुनिया सापडली तर घरी ठेवून घेऊ नका. वनखात्याच्या माणसाला कळवा.

पाळायची कोणती?

नवशिक्याने पिंजऱ्यातच जन्मलेली झेब्रा फिंच घ्यावी. तिचा मुलूख ऑस्ट्रेलिया. तिथल्या कोरड्या, गवताळ रानात ती थव्याने राहते आणि पाण्याच्या जवळपास असते. माणसाने तिला पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढवले आहे. तिचे वजन साधारण बारा ग्रॅम. म्हणजे एक तोळा. जीव तोळाभर आहे, हे पुढे सारखे ध्यानात ठेवा.

नर आणि मादी ओळखणे सोपे आहे. नराच्या गालावर नारिंगी डाग असतो. छातीवर काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा असतात. कुशीला तांबूस रंगावर पांढरे ठिपके असतात. मादी साधी राखी असते. नराची चोच लाल, मादीची नारिंगी. ही चोच टपालावरच्या लाखेसारखी दिसते. नर गातो, मादी गात नाही. पांढऱ्या जातीत मात्र रंगावरून ओळख पटत नाही. तिथे चोच पाहावी आणि गाणे ऐकावे.

दुसरे सोपे पाखरू म्हणजे बंगाली फिंच. नाव बंगाली, पण तिला माणसाळवले जपानात. पांढऱ्या पाठीची एक मुनिया चीनमधून तिकडे गेली. अडीचशे वर्षांहून अधिक काळ लोकांनी तिला पाळले आणि त्यातून ही जात झाली. ती रानात कुठेच सापडत नाही. स्वभावाने ती इतकी गरीब, की दुसऱ्या फिंचची पोरकी पिलेही वाढवते.

जावा चिमणी नावाचे पाखरूही बाजारात दिसते. त्याची मात्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. २०२४ साली तसे नियम झाले आहेत. पाखरे विकण्याचे दुकान घालायचे, तर २०१८ च्या नियमांप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. हौस असली तरी कायदा विचारून घ्यावा.

पाखरू विकत घेताना घाई करू नका. थोडा वेळ लांब उभे राहा. निरोगी पाखरू दांडीवर ताठ बसते, उड्या मारते, दाणा टिपते. त्याचे डोळे चकचकीत असतात. शेपटीखालची पिसे कोरडी असतात. अंग फुगवून कोपऱ्यात बसलेले पाखरू दयेपोटीही आणू नये. ते आपल्या घरच्या पाखरांनाही आजार देते. नवे पाखरू आणले की महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात, वेगळ्या खोलीत ठेवावे. मगच जुन्यांत सोडावे.

पिंजरा

पिंजरा उंच नको, लांब हवा. फिंच वर-खाली उडत नाही, आडवी उडते. एका जोडीला अडीच फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच एवढा पिंजरा ठीक. मोठा असेल तर अधिक बरे. दोन तारांमधले अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नको. नाहीतर डोके अडकते.

बसायला कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या फांद्या लावा. एक फांदी जाड, एक बारीक असावी. सगळ्या एकाच मापाच्या असल्या की पायाच्या एकाच जागी भार पडतो आणि पाय सुजतो. एक फांदी या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला लावा. मधली जागा उडायला मोकळी ठेवा. फांदीच्या खाली दाण्या-पाण्याची भांडी ठेवू नका. विष्ठा त्यात पडते.

तळाला कागद घालून रोज बदला. आठवड्यातून एकदा पिंजरा साबणाने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. पाखरे तेवढा वेळ दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवा.

मांजर, उंदीर, साप आणि मुंगी हे चार शत्रू. पिंजरा भिंतीला नीट टांगा किंवा घडवंचीवर ठेवा. घडवंचीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत. कोंबड्यांच्या खुराड्याजवळ पिंजरा ठेवू नका. एकमेकांचे रोग एकमेकांना लागतात.

दाणा

फिंचचे मुख्य खाणे म्हणजे बारीक धान्य. राळे, वरी, नाचणी आणि बारीक बाजरी एकत्र करून घालावी. त्यात राळ्याचा वाटा मोठा ठेवावा. एका पाखराला दिवसाला चहाचा एक चमचा दाणा साधारण पुरतो. आता दाण्याबद्दल तीन गोष्टी नीट वाचा. पुष्कळ पाखरे या तीन गोष्टींनीच मरतात.

पहिली गोष्ट फोलपटाची. आमच्या माहितीतल्या एका घरी पाखरू वाळत चालले होते. घरची सून म्हणाली, "गुरुजी, डबी तर काठोकाठ भरलीया. तरी पाखरू का वाळतंय?"

आम्ही म्हणालो, "सूनबाई, जरा सूप आणा."

तिने डबी सुपात ओतली आणि पाखडली. सगळे फोलपट उडून गेले. सुपात चिमूटभर दाणे राहिले. ती बघतच राहिली. म्हणाली, "अगं बाई! म्हंजी मी रोज भरली डबी बघत होते, आन् ते उपाशी होतं."

असे का झाले? फिंच दाणा आख्खा गिळत नाही. चोचीत धरून सोलते. आतला गर खाते आणि साल तिथेच टाकते. साली वर साचतात. लांबून डबी भरलेली दिसते, पण खाली दाणा नसतो. तोळाभराचा जीव. तो फार वेळ उपास काढू शकत नाही. म्हणून रोज सकाळी डबी हातात घ्या, फुंकर मारा, साली उडवा आणि मग उरलेला दाणा पाहा.

दुसरी गोष्ट बियाण्याची. पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतले बियाणे पाखराला कधीही घालू नका. त्याला कीड-बुरशीचे औषध चोळलेले असते. पुष्कळदा ते गुलाबी, निळे किंवा हिरवे दिसते. ते विष आहे. पेरणीनंतर उरलेले बी "वाया कशाला घालवायचे" म्हणून पिंजऱ्यात टाकाल, तर पाखरू जाईल. पिशवीवर छापलेले वाचा. आता तुम्हांला वाचता येते. या वाचण्याचा उपयोग इथे आहे.

तिसरी गोष्ट बुरशीची. दमट जागी ठेवलेल्या धान्याला बुरशी येते. ती बुरशी श्वासातून पाखराच्या फुप्फुसात जाते आणि त्याला मारते. दाणा पत्र्याच्या झाकणबंद डब्यात, कोरड्या जागी ठेवा. कुबट वास आला तर फेकून द्या. उंदराने तोंड घातलेला दाणाही फेकून द्या. दाणा चांगला आहे की जुनाट, हे पाहण्याची रीत शेतकऱ्याला शिकवायला नको. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा. तीन-चार दिवसांनी उघडा. बहुतेक दाण्यांना मोड आले, तर दाणा जिवंत आहे. निम्मेसुद्धा उगवले नाहीत, तर त्यात कस राहिलेला नाही.

पाणी, पाला आणि चुना

पाणी रोज बदलावे. उन्हाळ्यात दोनदा बदलावे. भांडे नुसते विसळू नका, आतून बोट फिरवून घासा. बुळबुळीत लागले, तर त्यात रोगाचे बीज आहे असे समजा. सकाळी एका बशीत बोटाच्या पेराएवढे पाणी आंघोळीला ठेवा. पाखरे फार आवडीने न्हातात. न्हाणे झाले की बशी काढून घ्या.

कोथिंबीर, मेथी यांची चार पाने रोज धुऊन घाला. फवारणी केलेल्या रानातला पाला घालू नका. संध्याकाळी उरलेला पाला काढून टाका.

अंड्याचे कवच चुन्याचे असते. तो चुना मादीच्या अंगातून जातो. मादीला चुना मिळाला नाही, तर अंडे मऊ होते आणि पोटातच अडकते. त्यावर उपाय स्वस्त आहे. कोंबडीच्या अंड्याचे कवच धुवा, तव्यावर भाजा, कुटून बारीक करा आणि वेगळ्या वाटीत ठेवा. दुकानात समुद्रफेस मिळतो, तोही पिंजऱ्याला बांधून ठेवावा. पाखरे लागेल तसा टोकरून खातात.

मीठ, तिखट, चहा, फरसाण आणि तेलकट पदार्थ पाखराला देऊ नयेत. आपण प्रेमाने देतो, पण त्याला ते सोसत नाही.

धूर, ऊन आणि गारठा

विलायतेत कोळशाच्या खाणीत उतरताना मजूर पिंजऱ्यात एक छोटे पिवळे पाखरू बरोबर नेत. त्याचे नाव कॅनरी. खाणीत एक विषारी वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला तो कळत नाही. पण पाखरू आधी झोके खाऊ लागे, दांडीवरून पडे. ते पाहून मजूर बाहेर पळत आणि त्यांचा जीव वाचे. पुढे यंत्रे आली आणि १९८६ साली ही चाल तिथे बंद झाली.

पाखराला आधी का कळे? पाखराच्या अंगात फुप्फुसांखेरीज हवेच्या पिशव्या असतात. श्वास आत घेताना आणि बाहेर सोडतानाही त्याच्या फुप्फुसांतून ताजी हवा खेळते. म्हणूनच ते उडण्याचे कष्ट करू शकते. पण त्यामुळेच हवेतले विषही त्याच्या अंगात लवकर भिनते.

यातून आपण काय शिकायचे? चुलीच्या खोलीत पिंजरा ठेवायचा नाही. पिंजऱ्याजवळ धूप, उदबत्ती किंवा डास मारण्याची कॉइल लावायची नाही. फवारणीचा पंप आणि औषधाच्या बाटल्या त्या खोलीत ठेवायच्या नाहीत. शेजारच्या रानात कोणी पाचट पेटवले किंवा गुऱ्हाळाचा धूर घराकडे वळला, तर पिंजरा दुसऱ्या बाजूला न्यायचा.

आपल्या भागात चैत्र-वैशाखात ऊन फार कडक असते. पाखरू चोच उघडी टाकून धापा टाकू लागले आणि पंख अंगापासून दूर धरू लागले, तर त्याला ऊन बाधले आहे. पिंजरा लगेच सावलीत, वाऱ्याच्या जागी न्या. एका बाजूला ओले गोणपाट टांगा. पाखरावर गार पाणी ओतू नका. पत्र्याच्या छपराखाली दुपारी पिंजरा कधीच ठेवू नका.

थंडीत रात्री पिंजऱ्याच्या तीन बाजूंना जाड कापड बांधा. एक बाजू हवेला मोकळी ठेवा. सकाळचे कोवळे ऊन अर्धा तास द्या. पण निम्मा पिंजरा सावलीत राहील असे पाहा. पाखराला हवे तेव्हा सावलीला जाता आले पाहिजे.

अंडी आणि पिले

झेब्रा फिंच तीन महिन्यांत वयात येते. पण इतक्या लवकर जोडी लावू नये. मादी आठ-नऊ महिन्यांची होऊ द्यावी. कोवळ्या मादीला अंडे अडकण्याचा धोका असतो. एकाच घरट्यातले भाऊबहीण जोडीला लावू नयेत. त्यांची पिले दुबळी निपजतात. नर एका घरचा, मादी दुसऱ्या घरची, अशी सोयरीक करावी.

घरट्याला ओंजळीएवढे मातीचे मडके चालते. बाजूला दीड-दोन इंचांचे भोक ठेवतात. मडके पिंजऱ्यात उंच, कोपऱ्यात बांधा. घरटे भरायला वाळलेले मऊ गवत आणि काथ्याचे तुकडे द्या. सुतळी, दोरा आणि माणसाचे केस देऊ नका. पिलांचे पाय त्यात गुंततात. अंडी झाली की गवत देणे बंद करा. नाहीतर पाखरे अंड्यांवरच नवा थर घालतात आणि अंडी खाली गाडली जातात.

मादी रोज एक याप्रमाणे चार ते सहा अंडी घालते. नर आणि मादी पाळीपाळीने उबवतात. सुमारे तेरा-चौदा दिवसांनी पिले निघतात. तोवर घरट्यात सारखा हात घालू नका. पोरांनाही सांगा.

पिले असताना आईबापांना रोज उकडलेल्या अंड्याचा बारीक चुरा आणि मोड आलेले राळे द्या. उकडलेले अंडे दोन तासांनी काढून टाका. उन्हात ते लवकर नासते. तीन आठवड्यांनी पिले घरट्याबाहेर येतात. त्यांची चोच काळी असते. पुढे दोन आठवडे आईबाप भरवतात. पिले आपली आपण दाणा सोलू लागली, की सहाव्या आठवड्यात त्यांना वेगळे करा.

आता लोभाची गोष्ट. झेब्रा फिंचला घरटे ठेवाल तोवर ती अंडी घालतच राहते. वर्षात दोन, फार तर तीन विणी पुरेत. मग मडके काढून घ्या आणि काही महिने विश्रांती द्या. जास्त पिलांच्या लोभाने मादी झिजते, आणि शेवटी मादीही जाते, पिलेही जातात. गाईला भाकड काळ हवा, जमिनीला विसावा हवा, तसेच हे.

आजार कसा ओळखावा?

पाखरू आपला आजार लपवते. रानात दुबळे दिसले तर शिकारी धरतो, म्हणून त्याची ती सवयच आहे. आजार दिसू लागतो तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो. म्हणून बारीक खुणा पाहायला शिका.

१. पाखरू दिवसा अंग फुगवून, डोळे मिटून बसते.
२. तळाशी उतरून बसते, दांडीवर चढत नाही.
३. श्वासाबरोबर शेपटी खाली-वर हलते.
४. श्वास घेताना टिकटिक आवाज येतो. नराचे गाणे बंद होते. श्वासनळीत बारीक किडे झाले की असे होते.
५. विष्ठा पातळ होते, शेपटीखालची पिसे चिकटतात.
६. छातीचे हाड हाताला धारदार लागते.
७. मादी तळाशी फुगून बसते आणि पोट सुजलेले दिसते. अंडे अडकल्याची ही खूण आहे.

आणखी एक शत्रू दिवसा दिसत नाही. लाल गोचिडीसारखे बारीक किडे पिंजऱ्याच्या फटीत लपतात आणि रात्री पाखराचे रक्त पितात. रात्री पिंजऱ्यावर पांढरे फडके टाका. पहाटे त्यावर तांबडे ठिपके हलताना दिसले, तर किडे झाले असे समजा. पाखरे काढून पिंजऱ्याच्या सांध्यांवर उकळते पाणी ओता, पिंजरा उन्हात तापवा आणि घरटे जाळून टाका.

आजारी पाखराला पहिला उपाय म्हणजे ऊब. त्याला लहान पिंजऱ्यात वेगळे ठेवा. जुन्या पद्धतीचा पिवळा दिवा एका बाजूला लावा. एलईडी दिवा पुरेशी ऊब देत नाही. दुसरी बाजू थंड राहू द्या, म्हणजे पाखरू आपली जागा निवडील. दाणा-पाणी अगदी जवळ ठेवा. अडकलेले अंडे पोट दाबून काढू नका. अंडे आत फुटले तर मादी मरते. पाखरू त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. माणसाची गोळी चुरून पाण्यात घालू नका. तोळाभर जिवाला औषधाचे माप फार बारीक लागते. ते डॉक्टरच जाणतात.

पिंजऱ्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लू आला. आपल्या देशातली ती पहिली साथ. गावात कोंबड्या किंवा रानपाखरे पटापट मरू लागली, तर मेलेल्या पाखराला हात लावू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. लपवू नका.

वहीत लिहा

लक्ष ठेवायचे म्हणजे आठवणीवर भरवसा ठेवायचा नाही. दोन आण्यांची वही आमच्या काळी मिळे. आज थोडी महाग झाली, पण पाखरापेक्षा स्वस्तच आहे. त्या वहीत रोज एक ओळ लिहा. अशी :

३ जून : पहिले अंडे.
७ जून : पाच अंडी झाली. गवत देणे बंद केले.
१९ जून : दोन पिले निघाली.
२१ जून : पिले चार. एक अंडे गेले.
१० जुलै : मोठी दोन पिले घरट्याबाहेर.
२५ जुलै : एक पिलू स्वतः दाणा सोलते.
३१ जुलै : चारही पिले वेगळी केली. मडके काढले.

ही वही पुढे तुमची गुरू होते. कुठल्या जोडीची पिले कुठली, हे कळते. कुठला दाणा आणल्यावर पाखरू आजारी पडले, हे कळते. डॉक्टरांनी विचारले, "कधीपासून खात नाही?" तर अंदाजे सांगावे लागत नाही. वही उघडून दाखवता येते. ज्याला कालपर्यंत अंगठा उठवावा लागे, तो आज आपल्या हाताने लिहिलेली नोंद डॉक्टरांपुढे ठेवतो. ही काही लहान गोष्ट नाही.

ध्यानात ठेवा

शेतातली मुनिया पकडू नये. पिंजऱ्यात जन्मलेली पाखरेच पाळावीत.
दाण्याची डबी रोज फुंकावी. भरलेली डबी म्हणजे भरलेले पोट नव्हे.
पेरणीचे बियाणे पाखराला घालू नये.
पाणी रोज बदलावे. धूर दूर ठेवावा.
आजारी पाखराला ऊब द्यावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.
रोज पाच मिनिटे पाहणे होत नसेल, तर पाखरू पाळू नये. बांधावर बसून मुनियांचा थवा पाहावा. त्याला पैसा लागत नाही आणि पाखरूही सुखी राहते.

शब्दांचे अर्थ

निगा : काळजी, देखभाल.
फोलपट : दाण्यावरची साल.
वीण : एका वेळची अंडी-पिले.
समुद्रफेस : माकूळ नावाच्या समुद्रातल्या प्राण्याचे पांढरे, मऊ हाड.
घडवंची : भांडी किंवा पिंजरा ठेवायची लाकडी चौकट.

उत्तरे लिहा

१. डबी भरलेली असूनही पाखरू उपाशी का राहिले?
२. पेरणीचे बियाणे पाखराला का घालू नये?
३. खाणीत पाखरू का नेत असत?
४. आजारी पाखराच्या कोणत्याही चार खुणा लिहा.
५. आपल्या शिवारात उद्या सकाळी कोणती पाखरे दिसली, ते तारीख घालून वहीत लिहा.